आलूच्या माहेरचं

बेबीकाकूंच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या छोट्याशा बागेत, कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायची बंदी होती. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून दाखवायचं. सरळ बोटाने फळ सडतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी अमरावतीहून अकोल्याला बदली होऊन आले आणि त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी गॅलरीतून मागच्या वेलाकडे बोट करून मी विचारलं, "ही काकडी का हो?" तर खालून आवाज आला, "बोट वाकव! आधी बोट वाकव!" मला वाटलं, कुणाला विंचू चावला. चारपाच दिवसांनी त्यातली एक काकडी पिवळी पडून गळाली. काकूंनी ती आणून माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेल्या.

गेल्या दिवाळीच्या सुमारास काकू गेल्या. मी तेव्हा अमरावतीला परत आले होते. बातमीचा फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण डोळ्यासमोर ती पिवळी काकडी आली आणि मी एकटीच हसत बसले. काकूंची आठवण ही अशी वेळकाळ न पाहता येते.

त्यांचं कागदावरचं नाव रुक्मिणी. पण पाच भावांच्या पाठीवर झालेली मुलगी म्हणून माहेरी बेबी म्हणायचे, तेच सासरी आलं. साठी उलटलेली, उंच, काटक, आवाज चार घरांना पुरेल असा, आणि नाव बेबी. वाडीत काम करताना त्या साडीवर काकांचा जुना खाकी शर्ट चढवायच्या. श्रीरामकाका एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांचे गणवेशाचे शर्ट काकूंनी ताब्यात घेतले होते. "कापड चांगलं हाय, काहून फेकाचं?" एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

माहेर हिवरखेडचं. वडील भाजीपाला आणि हळद लावायचे. मातीत हात घालायची सवय तिथून आलेली. घरामागची सांदवाडी म्हणजे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा, पण त्यात काय नव्हतं! आणि काकूंनी प्रत्येक झाडाला नातं लावलेलं. शेजारच्या भिंतीवर चढून तिकडेच कारली देणारा वेल म्हणजे जाऊबाई. नुसती पानं, फळाचा पत्ता नाही, ते पेरूचं झाड म्हणजे पुण्याला राहणारा त्यांचा मुलगा. झाड मेलं असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. "रुसलं," म्हणायच्या. वाळून कोळ झालेल्या काडीलाही दोन महिने पाणी घालून समजूत काढायच्या. शेवटी काका येऊन ती काडी उपटून नेत.

काका अबोल. दिवसभर ओसरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा आवाज ऐकायचे आणि मान न वळवता सांगायचे, "तेल्हाऱ्याची. ब्रेक लागून राह्यले नाईत." त्यांच्या आयुष्यात हट्ट असा एकच होता, महाशिवरात्रीचा उपास. लहानपणी त्यांना मोठा ताप आला होता, वाचायची आशा नव्हती. तेव्हा त्यांच्या आईने महादेवाला नवस केला, पोरगा जगला तर जन्मभर तुझ्या दिवशी अन्नाला शिवणार नाही. पोरगा जगला, एसटीत लागला, म्हातारा झाला, नवस पाळत आला. बाकी देवधर्म यथातथाच. शिवरात्र मात्र सोडायची नाही.

मधे शुगर निघाली. डॉक्टरांनी रताळं, आलू, साबुदाणा सगळ्यावर फुली मारली. आता उपासाच्या दिवशी ही तीन वगळली तर आपल्याकडे माणसाने खायचं काय? भगर-शेंगदाणे त्यांच्या घरी उपासाला चालत नसत, केळ्यावरही डॉक्टरांची फुलीच. काका काहीच खाईनात. मी अकोल्यात आले त्याच वर्षी शिवरात्रीला ते देवळाच्या रांगेत चक्कर येऊन पडले. कपाळाला खोक पडली. डॉक्टर म्हणाले, "एक तर उपास सोडा, नाहीतर त्या दिवशी नीट काहीतरी खा. पुढच्या वेळी नुसत्या खोकेवर भागणार नाही." काकांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, "उपास सुटनार नाई."

त्या दिवसापासून काकूंना एकच चिंता. शिवरात्रीला या माणसाच्या पोटात काय घालायचं? इतर वेळी जगाला धारेवर धरणारी ही बाई याबद्दल मात्र हळू आवाजात बोलायची. "मले मोठी भीती वाटते वं," एकदा गहू निवडता निवडता मला म्हणाल्या. "बाकी तीनशे चौसष्ट दिवस मी पाहून घेतो. थो एकच दिवस माह्या हाती नाई."

त्याच वर्षी मार्गशीर्षात भजनी मंडळाच्या बायांबरोबर त्या काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेल्या. परत आल्या त्या रुद्राक्ष, शाल असलं काहीही न आणता. पिशवीत एक स्टीलचा डबा होता, डब्यात ओला पंचा आणि पंचात गुंडाळलेले कुठल्याशा झाडाचे दोन फुटवे. झालं होतं असं, की देवळाबाहेर एक बाई रताळ्यासारखे मोठे कंद विकत बसली होती. लोक सोलून कच्चेच खात होते, सफरचंदासारखे. ती हिंदीतून सांगत होती, गोड आहे पण साखरवाल्याला चालतं. काकूंनी एवढं ऐकलं आणि तिथेच बसकण मारली. बाईच्या मागे लागून तिच्या घरापर्यंत गेल्या आणि परसातले दोन फुटवे घेऊन आल्या.

"चवीला कसं होतं?" मी विचारलं.

"मी कुठं खाल्लं! सोमवार होता. उपासाले चालते का नाई, कोणाले मालूम?"

मी मोबाइलवर शोधून दिलं. त्याचं नाव याकोन. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतले अँडीज डोंगर. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, फळासारखं बेताने खायला हरकत नाही. काकूंना नावात रस नव्हता. त्यांनी त्याला 'नेपाळी' करून टाकलं. पण त्याच डोंगरातून आलूसुद्धा आला आहे, हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्या हातातलं काम टाकून उठल्या. "म्हणजे आलूच्या माहेरचं हाय म्हण की!" ही सोयरीक त्यांना इतकी आवडली की आल्यागेल्याला सांगू लागल्या. कॉलनीतल्या बाया बघायला यायच्या, पाहुण्यांसारख्या उभ्या राहून फुटव्यांकडे पाहायच्या, वाकवलेल्या बोटाने.

येणाऱ्या शिवरात्रीला अर्थातच काही हाती लागणार नव्हतं. काकांनी ताकावर दिवस काढला. काकू पदरात खडीसाखर बांधून सावलीसारख्या त्यांच्या मागे फिरल्या. ती बरी गेली. मग आला उन्हाळा.

अकोल्याचा उन्हाळा मी अमरावतीकरांना सांगू नये, पण सांगते. आमच्याकडे ऊन पडतं, अकोल्यात ते मुक्कामाला येतं. नेपाळी डोंगरातलं झाड. चैत्र सरतो न सरतो तोच त्याने माना टाकल्या. काकूंनी वर हिरवी जाळी बांधली, भोवती ओली पोती लावली. तरी रुसवा जाईना. एका दुपारी मी ऑफिसातून आले तर खालच्या खोलीत काका उघड्या अंगाने पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. खिडकीत कूलर नाही.

"बिघडला का?"

काकांनी अंगठ्याने मागे दाखवलं. सांदवाडीत विटांवर कूलर मांडलेला, वाळ्याच्या ताट्या भिजवून, तोंड नेपाळीकडे करून. वायर खिडकीतून बाहेर. ती जोडणी खुद्द काकांनीच करून दिली होती आणि आता घाम पुसत बसले होते.

"तुम्ही कशाला लावून दिलात?"

"लावला नसता तं तिनं लावला असता," काका म्हणाले. "शॉक लागला असता तिले."

त्या उन्हाळ्यात कॉलनीने आमच्या घराला फार हसून घेतलं. झाडाला कूलर आणि माणसाला पुठ्ठा! पण मृग लागला तेव्हा दोन्ही फुटवे जिवंत होते.

त्या डोंगरातल्या दुसऱ्या एका कंदाचीही काकूंना मधे भुरळ पडली होती. गुलाबी, सुरकुतलेला, बोटाएवढा. मोबाइलवर त्याचं पान पाहून त्या म्हणाल्या, "हे तं आंबुशी हाय! आमी उपटून फेकतो." तरी पुण्याच्या मुलाकडून ते कंद कुठूनसे मागवून घेतले. ते मात्र कूलरलाही दाद देईनात. मग काकूंनी ठरवलं, कुंडी चिखलदऱ्याला न्यायची. "मोठे लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याले जाते. माह्या झाडानं काय घोडं मारलं?" काकांचे वर्कशॉपमधले एक सोबती तिथे राहत. घरामागे त्यांची कॉफीची थोडी झुडपं होती. काका-काकू एसटीने निघाले, कुंडी मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "मावशी, हे काय?" काकू म्हणाल्या, "पेशंट हाय. हवा पालटाले नेऊन राह्यली." कंडक्टर काकांच्या ओळखीचा, त्याने हात जोडले. झाड तिकडे चांगलं वाढलंही. पण दिवाळीच्या आत वानरांनी सगळं उपटून खाल्लं. काकूंना वाईट वाटलं, पण फार नाही. "कोणाच्या तरी पोटात गेलं," म्हणाल्या.

नेपाळी मात्र पावसाळ्यात तरारून वाढला. पुरुषभर उंच, हाताएवढी पानं, हिवाळ्यात सूर्यफुलाची लहान बहीण शोभेल अशी पिवळी फुलं. संक्रांतीनंतर पानं वाळली तेव्हा काकूंनी हलक्या हाताने माती उकरली. खाली मोठमोठे तपकिरी कंद आणि वर, खोडाच्या बुडाशी, लाल गाठींचा एक ओबडधोबड गोळा. काकूंनी कंद ओंजळीत घेतले आणि काकांना हाक मारली. दोघं कितीतरी वेळ बघत उभे राहिले.

आता ही चूक सांगायला हवी, कारण ती काकूंशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. हिवरखेडच्या त्यांच्या घरी हळद निघाली की सगळ्यात चांगले, ठसठशीत गड्डे बाजूला ठेवत. ते बेण्याचे, पुढच्या लावणीचे. घरात पाहुणा येवो, सण येवो, बेण्याला हात लावायचा नाही. हे काकूंच्या रक्तातच होतं. कंद मोजकेच निघालेले. त्यांनी एकूण एक कंद बेण्यासाठी ठेवले. अकोल्याच्या घरात सगळ्यात थंड जागा म्हणजे पाण्याचे माठ ठेवायची घडवंची. तिच्याखाली, माठ पाझरून ओल्या राहणाऱ्या वाळूत, कंद पुरून ठेवले. लाल गाठींचा तो गोळा कशाच्या कामाचा म्हणून न्हाणीमागे फेकून दिला.

"एक तरी चाखू द्या," मी म्हटलं.

"या वर्षी बेणं. पुढच्या वर्षी पोटभर."

"अहो, पण शिवरात्र पंधरा दिवसांवर आली. ज्याच्यासाठी लावलं..."

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. घडवंचीखाली वाकून दोनदा हात घातला, दोनदा बाहेर काढला. शेवटी म्हणाल्या, "नाई होत वं माह्याच्यानं." त्या शिवरात्रीलाही काका ताकावर राहिले. संध्याकाळी हातपाय थरथरायला लागले, जीभ अडखळायला लागली. काकूंनी खडीसाखर तोंडात कोंबली म्हणून निभावलं. त्यानंतर काकू दोन दिवस वाडीत गेल्या नाहीत.

मृगात त्यांनी एकेक कंद काढून लावला. पाऊस पडला, आठवडा गेला, महिना गेला. कोंब म्हणून नाही. उकरून बघितलं तर कंद सुरकुतून, मऊ पडून सडत चाललेले. ते नुसते खायचेच कंद. त्यांना डोळा नसतो, ते कधी फुटतच नाहीत. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा काकू म्हणत होत्या, "रुसले," आणि पाणी घालत होत्या. त्यांचं ते समजूत काढणं मला बघवेना.

आणि मग एका सकाळी न्हाणीमागून त्यांची हाक आली. मी आणि काका धावत गेलो. काकू कपडे धुवायच्या दगडावर बसल्या होत्या. समोर, सांडपाण्याच्या ओलीत, फेकून दिलेल्या लाल गाठींमधून दाटीवाटीने कोंब वर आले होते. पोट धरून हसत होत्या काकू. "खाचं थे जपून ठेवलं, न् बेणं फेकून देल्लं!" हसता हसता पदर डोळ्याला लावला. "माह्या बापानं पाह्यलं असतं तं लाकूड घेऊन मागं लागला असता." काका वाकून कोंब बघत होते. त्यांनी एका कोंबाकडे दाखवलं, बोट वाकवून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना तसं करताना पाहिलं.

त्या वर्षी भरपूर आलं. भिंतीच्या कडेने ओळ लागली होती. कंद निघाले ते टोपलीत मावेनात. लाल गाठी घडवंचीखाली गेल्या आणि काकू पहिला कंद धुऊन काकांसमोर उभ्या राहिल्या. "शिवरात्रीले हे खाचं. समजलं?"

काकांनी कंद हातात घेऊन उलटसुलट केला. "उपासाले चालते काय?"

दोन वर्षं घाम गाळल्यावर हा प्रश्न! पण काकूंना तो नवा नव्हताच. काठमांडूला सोमवारी त्यांनाही तोच पडला होता. त्या सरसावल्या. "रताळं चालते. आलू चालते. साबुदाणा चालते. सगळे तिकडचेच. हे त्याइच्याच माहेरचं."

"आलू चालते म्हणून आलूचा मामा चालते काय?"

उपासाला काय चालतं, हे खरं तर कुठेच लिहिलेलं नसतं. प्रत्येक घराचा कायदा वेगळा. काकूंकडे उपासाला साबुदाण्याच्या उसळीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, चालायची. माझ्या अमरावतीच्या सासरी सांबाराचं पान जरी दिसलं तरी पातेलं बाजूला. देवळातल्या पुजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमच्या घरात कोण मोठं आहे, त्यांना विचारा." घरात मोठी म्हणजे काकांची थोरली बहीण, बार्शीटाकळीची आक्का. नवस बोलला गेला तेव्हा ती तिथे हजर होती.

रविवारी काकू मला घेऊन बार्शीटाकळीला गेल्या. आक्का नव्वदीला टेकलेल्या, तोंडात दात नाही, पण बसणं ताठ. खाटेवर बसून त्यांनी उलटतपासणी घेतली.

"शिजवा लागते काय?"

"नाई. कच्चंच."

"मीठ?"

"नाई."

"दाणे येते काय याले? धान्य हाय काय?"

"दाणे येत नाईत, आक्काबाई. मुळ्या हाय."

आक्कांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "माही आजी उपासाले आलू खात नोती. म्हणे, इंग्रजाइचा हाय. मायनं पहिल्यांदा खाल्ला तवा आजी आठ दिवस बोलली नाई तिच्याशी. आता आलू नसला तं तुमचा उपास होत नाई." काकूंनी कंद किसून वाटीत दिला. आक्कांनी तो खाल्ला नाही, नुसता हुंगला. "मी येतो शिवरात्रीले. त्याच्यासमोर खातो. पाप असन तं मले लागन, माह्यं आता किती राह्यलं? मी खाल्लं म्हणजे थो खाईन."

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "खाईन नं वं थो?" एवढंच त्यांनी विचारलं, तेही दोनदा. मी हो म्हणाले. दोन्ही वेळा.

शिवरात्रीला काका सकाळीच देवळात गेले. काकू आदल्या रात्रीपासून निर्जळी. लग्नापासून त्या हा उपास काकांच्या बरोबरीने करत आल्या होत्या, आणि काकांपेक्षा कडक. काका निदान ताक घ्यायचे, काकू दिवे लागेपर्यंत पाणीही घेत नसत. तिसऱ्या प्रहरी काका परतले. चेहरा उतरलेला, ओठ पांढरे. ओसरीवर खुर्चीत बसले ते खुर्चीचा हात धरूनच. आक्का समोर बसल्या होत्या. काकूंनी बशीत नेपाळीच्या पातळ चकत्या कापून आणल्या. पांढऱ्या, पाणीदार. आक्कांसाठी किसून वेगळी वाटी.

आक्कांनी काकांच्या डोळ्याला डोळा लावून किस तोंडात टाकला. चघळला, गिळला. "शिरीराम, खा."

काका हलले नाहीत.

"नवस मायनं केला. मी होतो तिथं," आक्का म्हणाल्या. "तू जगावं म्हणून केला बाप्पा. मरावं म्हणून नाई."

"आक्का, तू मोठी हायेस," काका हळूच म्हणाले. "तू खाल्लं तं तुले कोनी काही म्हणनार नाई. पण नवस माह्या जीवावरचा हाय. पक्कं मालूम नाई थे मी कसं खाऊ?" रस्त्यावरून एक बस गेली, पण कुठली ते त्यांनी सांगितलं नाही.

आक्कांनी वाटी खाली ठेवली. मी काकूंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, एका हातात सुरी. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्या पुढे आल्या, काकांसमोरच्या बशीतली एक चकती उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

काका एकदम ताठ झाले. "बेबे! हे काय केलं तू?"

"चावून राह्यली. दिसत नाई काय?" काकूंच्या तोंडात घास होता. "चालत असन तं तुमीबी खा. चालत नसन तं माहा मोडला. जन्माचा मोडला. बसा तुमी सोवळ्यात, मी जातो एकटी नरकात."

चकती कुरकुरीत होती, त्या चावत होत्या त्याचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं पाळलेलं एवढ्याशा चकतीसाठी त्यांनी मोडून टाकलं होतं, आणि मोडलं की नाही तेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बशी जवळ ओढली.

"एकटी कुठी जातं तू," ते म्हणाले. "तुले मूर्तिजापूरले बस बदलता येत नाई."

त्यांनी एक चकती उचलली, डोळे मिटून कपाळाला लावली आणि खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. आक्का बोळक्या तोंडाने हसायला लागल्या. काकू मात्र तोंड वाकडं करून उभ्या होत्या. घास अजून गिळला नव्हता.

"पाणचट हाय माय," त्या म्हणाल्या. "रताळ्याची सर नाई याले."

"गोड हाय," काका म्हणाले. ओठांना रंग येत होता. त्यांनी रिकामी बशी पुढे केली. "आणखी हाय काय?"

पुढेही मी काकूंना अनेकदा पाहिलं, माझी बदली झाली त्या दिवशी निरोपालाही पाहिलं. पण माझ्यापुरत्या त्या तिथेच थांबल्या आहेत. "हाय नं, हाय," असं म्हणत त्या घाईघाईने आत वळल्या. स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट ऐकू आली. सुरी कुठं ठेवली वं, सुरी कुठं गेली, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. मी आत जाऊन पाहिलं. त्या भिंतीकडे तोंड करून, फळीवरचे डबे एकेक करून हलवत होत्या आणि सुरी त्यांच्या हातात होती.